स्वर्गाची आशा आणि हातातले काम

मर्तिकाच्या घरी सांत्वनाला गेल्यावर बहुधा एकच वाक्य आपल्या ओठी येते : देवाने त्यांना आपल्याकडे नेले, आता त्यांचे दुःख संपले. या वाक्यात खोटे काही नाही. दर रविवारी विश्वासांगीकार म्हणताना मृतांच्या पुनरुत्थानावरील व सार्वकालिक जीवनावरील श्रद्धा आपण प्रकट करतो. ती श्रद्धा शवपेटीपाशी बोलून दाखवता येत नसेल, तर वेदीपाशी तिचा उच्चार करण्यात काय अर्थ? परंतु स्वर्गाचे हेच बोल जिवंत माणसाच्या उशाशी, त्याची औषधाची बाटली रिकामी असताना काढले गेले, तर त्यांचा अर्थ बदलतो. सांत्वनाची जागा टाळाटाळीने घेतलेली असते. स्वर्गाची आशा आणि रोजचे कर्तव्य यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न म्हणूनच केवळ धर्मपंडितांचा नाही. तो आपल्या ओटीवरचा आणि माजघरातला प्रश्न आहे.

कार्ल मार्क्सने १८४४ साली धर्माला अफूची उपमा दिली. परलोकाच्या आशेवर इहलोकीचा अन्याय निमूटपणे सोसायला शिकवणे, यावर त्याचा रोख होता. श्रद्धेचा सारा अर्थ या आरोपात सामावत नाही, हे खरे. तथापि तो आपल्या अंगणात कोठे लागू पडतो, हे आधी पाहणे अधिक प्रामाणिकपणाचे होईल. मजुराचा रोज अडवून ठेवायचा आणि त्याच्या आजारी मुलासाठी प्रार्थना करू असे त्याला सांगायचे; वृद्ध आईला मागच्या खोलीत एकटी ठेवायची आणि तिच्या पश्चात तिच्या आत्म्यासाठी मिस्सा अर्पण करवायच्या; अशी उदाहरणे शोधायला दूर जावे लागत नाही. मराठीत हात वर करण्याचे दोन अर्थ होतात. एक प्रार्थनेचा, दुसरा जबाबदारी झटकण्याचा. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. उघड्या व उपाशी बांधवाला नुसत्या शुभेच्छा देऊन वाटेला लावणाऱ्यांना संत याकोबाने आपल्या पत्रात जो जाब विचारला आहे, तो याच दुसऱ्या प्रकारच्या हातांना.

आरंभीच्या ख्रिस्तसभेलाही या प्रश्नातून जावे लागले. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात प्रभू स्वर्गात घेतला गेल्यावर शिष्य आकाशाकडे टक लावून उभे राहतात आणि शुभ्र वस्त्रांतील दोन पुरुष त्यांना असे उभे राहण्याचे कारण विचारतात. शिष्य तेथून यरुशलेमला परततात. पुढे सहाव्या अध्यायात याच मंडळीसमोर एक अगदी साधी तक्रार येते : रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषिक विधवांकडे दुर्लक्ष होत आहे. प्रेषित तक्रार करणाऱ्यांना स्वर्गातील मेजवानीची आठवण करून देत नाहीत. ते सात माणसे निवडायला लावतात आणि प्रार्थना करून, हात ठेवून त्यांच्यावर हे काम सोपवतात. त्या सातांतील पहिले नाव संत स्तेफनाचे. आणि मरणाच्या घटकेस आकाश उघडलेले कोणाला दिसले? पहिल्या दिवशी वर पाहत उभे राहिलेल्यांपैकी कोणाला नव्हे, तर विधवांच्या पानात अन्न पडते की नाही हे पाहण्यासाठी नेमलेल्या या स्तेफनाला. संत लूकने या दोन गोष्टी इतक्या जवळजवळ लिहून ठेवल्या आहेत की, त्यांचा संबंध आपण ध्यानात घ्यावाच.

मात्र दुसऱ्या बाजूलाही एक खड्डा आहे, आणि कार्यतत्पर माणसे त्यात सहज पडतात. स्वर्गाचे नंतर पाहू, आधी येथले काम करू, असे ती म्हणतात. हे ऐकायला बरे वाटते. पण ज्या कामाचे फळ दिसणारच नाही, त्याचे काय? मतिमंद मुलाला तीस वर्षे भरवणाऱ्या आईने आपल्या श्रमांचा हिशेब कोणत्या वहीत मांडावा? ज्याला बरे वाटण्याची आशा डॉक्टरांनीच सोडली आहे, त्याची चादर रोज कशासाठी बदलावी? केवळ परिणामांवर उभी असलेली सेवा परिणाम दिसेनासा झाला की थकते, नंतर चिडते, आणि शेवटी ज्याची सेवा करायची त्याचाच कंटाळा करू लागते.

येथे आम्हाला संत डेमियन यांचे स्मरण होते. १८६६ पासून हवाईच्या राज्यात कुष्ठरुग्णांना मोलोकाई बेटावर नेऊन ठेवण्यात येऊ लागले होते. वस्तीच्या तीन बाजूंना समुद्र आणि चौथ्या बाजूला उंच कडा. १८७३ साली हा बेल्जियन धर्मगुरू वयाच्या तेहतिसाव्या वर्षी तेथे गेला. कुष्ठरोगावर गुणकारी औषध मिळण्यास १९४०चे दशक उजाडावे लागले. म्हणजे डेमियन यांच्या हातून एकही रुग्ण रोगमुक्त होणार नव्हता. त्यांनी शवपेट्या तयार केल्या, कबरी खणल्या, मृतांना ख्रिस्ती सन्मानाने मूठमाती दिली. आणि त्याच हातांनी घरे बांधली, वस्तीपर्यंत पिण्याचे पाणी आणण्यासाठी नळ घालण्याच्या कामी कष्ट घेतले. अखेर त्यांनाही तो रोग जडला आणि १८८९ साली ते तेथेच मरण पावले. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ साली त्यांना संतपद बहाल केले.

जी माणसे लवकरच मरणार, त्यांच्यासाठी नळ कशाला? व्यवहार हाच प्रश्न विचारील. नुसती परलोकाची भाषा बोलणाराही म्हणेल, थोडे दिवस तर उरले आहेत, पुढे सारे सुखच आहे. डेमियन यांच्या आयुष्याने दिलेले उत्तर आम्हाला असे वाटते : हा माणूस अनंतकाळासाठी निर्माण झाला आहे, म्हणूनच आज त्याला स्वच्छ पाणी मिळाले पाहिजे. स्वर्गाच्या आशेने त्या रुग्णांचे मोल कमी केले नाही, वाढवले. राजपुत्राला आपण पडवीत उपाशी बसवून, उद्या तुझा राज्याभिषेक आहे, असे सांगत नाही.

यातून रोजच्या वापरासाठी एक नियम निघतो. स्वर्गाची आशा आपल्या स्वतःच्या दुःखात मनसोक्त धरावी. दुसऱ्याच्या दुःखात मात्र आधी हात पुढे करावा आणि मग आशेचा शब्द बोलावा. आपण त्याचे जे देणे लागतो, त्याच्या मोबदल्यात त्याला स्वर्ग देऊ करण्याचा अधिकार आपल्याला नाही. स्वर्ग आपल्या मालकीचा नाही, भाकरी आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली 'आनंद व आशा' या शब्दांनी सुरू होणाऱ्या आपल्या दस्तऐवजात हेच शिकवले, की नव्या पृथ्वीच्या प्रतीक्षेने या पृथ्वीविषयीची आपली आस्था मंदावू नये, उलट तिला चेतना मिळावी.

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत पित्याचे राज्य येण्याची याचना आणि रोजच्या भाकरीची मागणी एकाच दमात येतात. मधे श्वास घेण्यापुरतेही अंतर नाही. आणि 'मिस्सा' हा शब्दच मुळी लॅटिन भाषेत पाठवणीचा आहे. वेदीवरील स्वर्गीय भाकर स्वीकारून झाली की आपल्याला तेथेच थांबवून घेत नाहीत, दाराकडे पाठवतात. दाराबाहेर घर असते, शेजार असतो, राहिलेली मजुरी असते, मागच्या खोलीत वाट पाहणारी आई असते. येत्या रविवारी ते दार ओलांडताना आपण एवढेच ठरवू या, की यांपैकी प्रथम कोणाकडे जायचे.