अर्पण आणि वहिवाट

मनुष्याने ईश्वराला काही अर्पण करावे, या कल्पनेच्या पोटातच एक मोठी अडचण आहे. सर्व चराचर जर त्याचेच, तर त्याचीच वस्तू त्याला देणारे आपण कोण? आणि दिलेली वस्तू देणाऱ्याच्याच हाती राहिली, तिचा उपभोगही पूर्ववत् चालू राहिला, तर त्या अर्पणाने नेमका कोणता पालट घडला? हा प्रश्न वेदान्ताच्या चर्चेत पुष्कळदा भेटतो. पण त्याचे लाकडा-दगडांत उभे राहिलेले रूप पाहावयाचे असेल, तर पद्मनाभपुरमच्या राजवाड्यात जावे.

त्रावणकोरच्या राजांची ही जुनी राजधानी. १९५६ सालच्या प्रांतरचनेत हा मुलूख केरळाबाहेर, कन्याकुमारी जिल्ह्यात गेला. तरी वाड्याची व्यवस्था केरळ सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडेच राहिली. राजवैभव म्हटले की डोळ्यांपुढे येणारे संगमरवर, झुंबरे आणि सोनेरी मुलामा यांपैकी येथे काही नाही. उतरती कौलारू छपरे, सागवानी खांब आणि अरुंद जिने. प्रवेशाच्या दालनातील छतावर कोरलेली फुले एकाच्या जागी दुसरे चालणार नाही इतकी निरनिराळी आहेत. आणि राजा ज्या मंत्रशाळेत कारभाऱ्यांशी मसलत करी, तेथे अभ्रकाच्या रंगीत तावदानांतून गाळून आलेला मंद प्रकाश काळ्याभोर, गुळगुळीत जमिनीवर पसरलेला असतो. ही जमीन चुना, करवंटीचा कोळसा आणि अंड्याचा पांढरा बलक घोटून केली, असे सांगतात.

या वाड्याचे मर्म मात्र त्याच्या चौमजली इमारतीत आहे. तळमजल्यावर खजिना, त्यावर राजाचे शयनगृह, जेथील पलंग अनेक औषधी वृक्षांच्या लाकडाचा आहे, त्याच्या वर राजाच्या विसाव्याची जागा, आणि सर्वांच्या वर, भिंतीभर चित्रे रेखाटलेले देवघर. द्रव्य पायाशी, देह त्यावर आणि देव माथ्यावर, अशी ही रचना आहे. ज्या मार्तंड वर्म्याने ती उभारली, त्यानेच जानेवारी १७५० मध्ये तिरुवनंतपुरमच्या मंदिरात आपली तलवार अनंतशायी पद्मनाभाच्या पुढे ठेवली, सारे राज्य त्याच्या चरणी वाहिले, आणि देवाचा दास म्हणून तीच तलवार पुन्हा हाती घेतली. तेव्हापासून या घराण्याचे राजे ‘पद्मनाभदास’ म्हणवू लागले.

येथे पूर्वपक्ष सहज उभा राहतो, आणि तो दुबळा नाही. मार्तंड वर्म्याने शेजारची संस्थाने एकामागून एक तलवारीच्या बळावर जिंकली होती, प्रबळ सरदारांची घराणी निर्दयपणे मोडून काढली होती, आणि १७४१ साली कोळचेलच्या लढाईत डच कंपनीला धूळ चारली होती. असे नव्याने जोडलेले राज्य देवाच्या नावे केले, की राजाविरुद्ध उठणे हा केवळ राजद्रोह राहत नाही, तो देवद्रोह ठरतो. मग हे दान, की सत्तेला मिळविलेली अढळ सनद?

तरीही एवढ्यावर निकाल देणे मला अन्यायाचे वाटते. सिंहासनावर रामाच्या पादुका ठेवून नंदिग्रामातून राज्य चालविणारा भरत आपल्याला पूज्य वाटतो. शिवछत्रपतींनी समर्थांच्या झोळीत राज्य टाकल्याची आख्यायिका, इतिहासाचा तिच्याविषयीचा निर्णय काहीही असो, महाराष्ट्राने पिढ्यान् पिढ्या प्रेमाने सांगितली. या साऱ्यांत एकच श्रद्धा आहे: सत्ता ही मालकी नसून वहिवाट आहे, आणि वहिवाटदाराला कधी ना कधी हिशेब द्यावा लागतो. ‘माझे’ म्हणणे सोडणारा कर्तव्य सोडत नाही. उलट आपल्या लहरीप्रमाणे वागण्याचा हक्क तो गमावून बसतो. त्यागाचे खरे स्वरूप हेच.

पण हिशेब कोणापुढे द्यावयाचा? येथे माझे मन अडते. देव मौन असतो. त्याच्या दफ्तरातील बाकी कोणी वाचून दाखवीत नाही. ज्या राज्याचा धनी पद्मनाभ, त्याच राज्यात लक्षावधी प्रजाजनांना पद्मनाभाच्या दारात पाऊल ठेवण्याची बंदी होती. या वाड्याच्याच कल्कुळम् परिसरात आणि सभोवतालच्या दक्षिण मुलखात नाडार स्त्रियांना ऊर्ध्वांग झाकण्याच्या हक्कासाठी दीर्घकाळ झगडावे लागले, आणि १८५९ सालच्या जाहीरनाम्यानेही तो हक्क उच्चवर्णीयांची रीत सोडून, म्हणजे अपुराच, दिला. धन्याच्या लेकरांना धन्याच्या घराबाहेर उभे करणारा दास कोणत्या तोंडाने स्वतःस दास म्हणवील?

१९२४ साली याच संस्थानातील वैकोमला मंदिराभोवतीचे रस्ते सर्वांना खुले व्हावेत म्हणून सत्याग्रह सुरू झाला. गांधीजी तेथे गेले, त्यांनी विनोबांनाही पाठविले. आणि अखेर १२ नोव्हेंबर १९३६ रोजी चित्तिरा तिरुनाळ महाराजांनी संस्थानातील मंदिरे सर्व हिंदूंना खुली केली. माझ्या मते १७५० साली जे अर्पण झाले, त्याचा विधी तेवढा त्या वर्षी पार पडला होता. त्याचा अर्थ सिद्धीस जाण्यास एकशे शहाऐंशी वर्षे लागली, आणि तीही राजघराण्याच्या चिंतनाने नव्हे, तर बाहेर ताटकळलेल्या माणसांच्या तपस्येने.

पुढे १९५१ साली विनोबांनी भूदान आरंभिले, तेव्हा त्यांचाही आधार हाच होता, की भूमी ईश्वराची आहे. सिद्धान्त एकच, परंतु राजाने त्यावरून असा निष्कर्ष काढला, की म्हणून ती माझ्या हातून राखली जावी, आणि विनोबांनी असा, की म्हणून ती ज्याच्यापाशी नाही त्याच्यापर्यंत पोहोचावी. ईश्वरार्पणाची पारख या दोन निष्कर्षांच्या मधोमध होते. अर्पण करणाऱ्याच्या भावनेची तीव्रता, विधीचे गांभीर्य, मंदिराची भव्यता, यांपैकी कशानेही ती होत नाही. जे देवाला दिले, त्यावर देवाच्या सर्व लेकरांचा हक्क देणाऱ्याने मान्य केला की नाही, एवढेच पाहावे. तो मान्य केला असेल, तर वस्तू देणाऱ्याच्या हाती राहूनही दान पूर्ण होते. आणि तो नाकारला असेल, तर अवघे राज्य पायरीवर ठेवूनही देणाऱ्याची मूठ मिटलेलीच असते.