पहिली उचल किती?

पहिली उचल, म्हणजे उसाच्या दराचा पहिला हप्ता किती, हे विचारल्याशिवाय कोल्हापूर जिल्ह्यातला शेतकरी उसाला कोयता लावू देत नाही. त्यासाठी जयसिंगपूरला ऊस परिषद भरते, दर जाहीर होईपर्यंत उसाचे ट्रॅक्टर अडवले जातात. हाच शेतकरी पोराला पीएचडीला घालताना मात्र दर विचारत नाही. 'शिकतोय, शिकू दे' म्हणतो आणि पोराच्या उमेदीची दहा वर्षं बिनबोभाट वजनकाट्यावर चढवतो.

कोल्हापूरच्या कळंब्यात हा हिशेब रस्त्यावरच मांडलेला दिसतो. इथल्या शासकीय आयटीआयमधून फिटर, टर्नर, मशिनिस्ट होऊन बाहेर पडलेलं पोरगं शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत विशीतच कामाला लागतं. पगार बेताचा, हात काळे, पण लागतं. त्याच भागात भाड्यानं राहणारे एक सर माझ्या ओळखीचे आहेत. एमए, सेट, पीएचडी. शिकवतात सीएचबीवर, म्हणजे क्लॉक अवर बेसिसवर, तासाला इतके रुपये. सुट्टीचे महिने कोरडे. वर्ष संपलं की नेमणूक संपते. मग पुन्हा मुलाखत, पुन्हा तीच फाइल. गावी गेले की पारावरचा पहिला प्रश्न ठरलेला : 'सर, परमनंट झालासा काय?' स्थळं बघणारे तर तेवढाच एक प्रश्न विचारतात.

पदवीचा मोबदला अगदी दिवसांत मोजून मिळतो, अशी जागाही कळंब्यातच आहे. मध्यवर्ती कारागृह. राज्यातल्या तुरुंगांत शिकून परीक्षा पास होणाऱ्या कैद्याला शिक्षेत सूट मिळते. बाहेरच्या माणसाला असा लेखी करार कुणी करून देत नाही.

यावर 'शिक्षण नोकरीसाठी नसतंच मुळी' असं म्हणणारे भेटतात. बहुधा त्यांचं पेन्शन सुरू झालेलं असतं. ज्या कोल्हापुरात आपण हे बोलतो, तिथल्या राजानं असं कधी मानलं नाही. शाहू महाराजांच्या पुढाकारानं 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं राहिलं आणि पुढच्याच वर्षी, 26 जुलै 1902 रोजी, संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के मागासवर्गीयांना देण्याचा हुकूम निघाला. एका टोकाला वसतिगृह, दुसऱ्या टोकाला नोकरी. दोरी दोन्हीकडून बांधली होती, म्हणून तिच्यावर चढून पोरं वर गेली.

आज त्याच राजाच्या नावानं 'सारथी' ही संस्था चालते आणि संशोधकांना फेलोशिप देते. डिसेंबर 2023 मध्ये फेलोशिपच्या संख्येवर विधान परिषदेत चर्चा झाली. प्रश्न कोल्हापूरचे आमदार सतेज पाटील यांचा होता. पीएचडी करून काय दिवे लावणार, असा सवाल तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी केला आणि राज्यभर गदारोळ उठला. मलाही राग आला होता. पण राग ओसरल्यावर वाटलं, प्रश्न चुकीचा नव्हता, चुकीच्या माणसाला विचारला होता. दिवे लावायच्या जागा सरकारनंच रिकाम्या ठेवल्यात. प्राध्यापक भरती वर्षानुवर्षं रखडायची, सीएचबीवर वर्ग चालवायचे आणि वर संशोधकालाच उजेडाचा हिशेब मागायचा!

नियमांचंही तेच. विद्यापीठ अनुदान आयोगानं 2018 मध्ये ठरवलं की जुलै 2021 पासून विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकाला पीएचडी सक्तीची. मुदत 2023 पर्यंत वाढली आणि 1 जुलै 2023 पासून सक्तीच गेली, नेट-सेट पुरे. मधल्या काळात ज्यांनी घाईनं नाव नोंदवलं, त्यांनी कुणाकडे बघायचं?

म्हणून पीएचडी वाया, आयटीआय बरी, असा निष्कर्ष मी काढत नाही. शिवाजी विद्यापीठात पदार्थविज्ञानात थिन फिल्मवर काम केलेली खेड्यापाड्यांतली मुलं दक्षिण कोरियातल्या प्रयोगशाळांत पोस्टडॉक करायला गेली आहेत. त्यांना पदवीनं जग दाखवलं. फरक गिऱ्हाइकाचा आहे. त्यांच्या कामाला चार ठिकाणी मागणी आहे. मराठीतल्या, इतिहासातल्या पीएचडीला गिऱ्हाईक एकच, कॉलेज. झोनबंदीच्या काळात एकाच कारखान्याच्या हद्दीत अडकलेला ऊस जसा, तसं हे. कारखाना बंद पडला की उभ्या पिकाला तुरे येतात. इतिहासाचं संशोधन कमी मोलाचं आहे, असा याचा अर्थ नाही. ते मोल देणारं एकमेव सरकारी गिऱ्हाईक हात वर करून बसलंय, एवढाच अर्थ आहे.

सरांना मी विचारलं, पुन्हा संधी मिळाली तर कराल का पीएचडी? म्हणाले, 'करीन. पण आधी विचारून करीन.'

काय विचारायचं, तेही त्यांनी सांगितलं. प्रवेशाच्या मुलाखतीत तुम्हाला विषय, संशोधन पद्धती, संदर्भग्रंथ विचारतात. ते संपलं की आपण विचारायचं : तुमच्या हाताखालच्या मागच्या दहा जणांपैकी परमनंट किती, सीएचबीवर किती, आणि बाकीचे काय करतात? गाइड रागावतील कदाचित. दर विचारला की कारखानदारही रागवायचे.