‘युगप्रवर्तक’ या विशेषणाविषयीं

कोलाडच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहत असतां आमच्या एका स्नेह्यांनीं सहज विचारलें, “कोंकण रेल्वेचा मार्ग पुरा झाला, तो दिवस युगप्रवर्तक म्हणावा कीं नाहीं?” आम्हीं तत्काळ ‘होय’ म्हटलें, आणि लगोलग त्या उत्तराची आम्हांसच शंका येऊं लागली.

१९९० सालीं या रेल्वेचें महामंडळ स्थापन झालें. २६ जानेवारी १९९८ रोजीं रोह्यापासून मंगळुराजवळच्या ठोकूरपर्यंतचा मार्ग खुला झाला. आणि १९९९ सालीं याच कोलाडहून भरलेल्या मालमोटारी आगगाडीवर चढवून गोव्यांतील वेर्ण्यास नेण्याची सोय सुरू झाली. गोष्ट मोठी खरी. पण मोठी गोष्ट आणि युगप्रवर्तक गोष्ट या दोन एक नव्हेत.

इंग्रजींत या अर्थाचें जें ‘ईपॉकल’ असें विशेषण आहे, त्याच्या मुळाशीं असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘थांबणें’ असा आहे. आमचा ‘युग’ शब्द युज् धातूपासून आला. बैलांच्या मानेवरील ‘जूं’ त्याच कुळांतलें. एक भाषा काळास थांबविते, दुसरी त्यास जुंपते! मौज आहे, पण व्युत्पत्ति म्हणजे अर्थ नव्हे, म्हणून तिच्यावर फार भार घालणें बरें नाहीं.

मराठीनें याहून काटेकोर असा एक शब्द राखला आहे : शककर्ता. ज्याच्यापासून लोक वर्षें मोजूं लागतात तो शककर्ता. याच जिल्ह्यांत, रायगडावर, ६ जून १६७४ रोजीं शिवछत्रपतींना राज्याभिषेक झाला व राज्याभिषेक शक सुरू झाला. येथें विशेषण अलंकाराचें नाहीं, हिशेबाचें आहे. परंतु हाच कांटा सर्वत्र लावूं गेलें तर अडचण येते. तो शक पुढें व्यवहारांतून गेला. आमच्या घरोघरच्या पंचांगांत शालिवाहन शकच आढळतो. म्हणून राज्याभिषेकाचें मोल उणें झालें असें कोण म्हणेल?

मग असें उत्तर देतात कीं, थोर दिवस कोणता हें काळच ठरवितो. त्या दिवशीं हजर असणारांस तें कळत नाहीं. हें उत्तर शहाणपणाचें दिसतें, पण पुरें नव्हे. कोलाडहून महामार्गानें दक्षिणेस गेलें कीं माणगांवानंतर महाड लागतें. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी यांनीं तेथील चवदार तळ्याचें पाणी घेतलें. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळानें १९२३ सालींच संमत केला होता, आणि महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं तळें खुलें केल्याचें जाहीरही केलें होतें. म्हणजे कागदावर नवें कांहींच घडावयाचें नव्हतें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत महाडास पुन्हां परिषद भरली, तेव्हां डॉ. आंबेडकरांनीं तिची तुलना १७८९ सालच्या फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेशीं केली. काळाची साक्ष तोंवर निघालेली नव्हती. तळ्याचा दावा हायकोर्टांत निकालीं निघावयास १९३७ साल उजाडलें. तरीही ते बोलले तें यथार्थ होतें, आणि तें निकालामुळें यथार्थ ठरलें असें आम्हांस वाटत नाहीं. ज्यांस ओंजळभर पाणी नाकारलें होतें, त्यांनीं ती ओंजळ भरली त्याच क्षणीं मागचें आणि पुढचें यांत अंतर पडलें. काळानें तें इतरांस दाखविलें, इतकेंच. मागाहून तळ्याची ‘शुद्धि’ करणारांसही तें कळलें असलें पाहिजे. मामुली गोष्टीसाठीं कोणी एवढी यातायात करीत नाहीं.

तेव्हां ‘केव्हां’ यापेक्षां ‘कोणास’ हा प्रश्न आधीं विचारला पाहिजे. आमचें रेल्वेविषयींचें उत्तर येथेंच फसलें होतें. ज्याची वडिलोपार्जित जमीन रुळांखालीं गेली, किंवा ज्यानें गणपतीस गांवीं जातांना एस. टी.त उभ्यानें रात्र काढली, त्यास तो दिवस काय वाटला हें आम्हीं विचारलें नव्हतें. आमचें स्वतःचें त्यांत गेलें कांहीं नाहीं. आली ती चार तासांची सवड.

“मग आपण म्हणावें तरी काय?” स्नेही म्हणाले.

“आपल्यापुरता सोयीचा म्हणूं,” आम्ही म्हणालों. तेवढ्यांत गाडी आली.