सारखी प्रश्नपत्रिका

परीक्षा हा आपल्याकडे घरगुती विषय आहे. मुलगा पेपरला निघाला की आई हातावर दही ठेवते आणि आजोबा उगीचच पंचांग चाळतात. म्हणूनच २०२० साली, महामारीच्या ऐन भरात, पदवीच्या अंतिम वर्षाची परीक्षा घ्यावी की न घ्यावी हा वाद न्यायालयात पोचला तसा माजघरांतही रंगला.

हकीकत थोडक्यात अशी. महाराष्ट्र सरकारने जूनमध्ये ठरविले की परीक्षा नको. मागल्या सत्रांच्या सरासरीवर पदवी द्यावी, आणि ज्याला अधिक गुणांची उमेद असेल त्याने पुढे परीक्षेला बसावे. जुलैत विद्यापीठ अनुदान आयोगाने बजावले, परीक्षा सप्टेंबरअखेर झालीच पाहिजे. विद्यार्थी सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ ऑगस्टला निकाल लागला : राज्याला तारीख लांबविता येईल, परीक्षेवाचून पदवी मात्र देता येणार नाही.

'पोरांना फुकटची पदवी हवी,' असे माझ्या पिढीतले पुष्कळ जण तेव्हा म्हणत. मला ते रुचले नाही. मी हयातभर शिकविले आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासले. परीक्षेच्या दालनात आपण सर्वांना सारखा बाक, सारखा वेळ आणि सारखी प्रश्नपत्रिका देतो व त्याला न्याय म्हणतो. त्या तीन तासांपुरते ते बरेचसे खरेही असते. टाळेबंदीने ते दालनच काढून घेतले. कोणी दार लावून स्वतःच्या संगणकापुढे बसणार. कोणी पाच माणसांच्या एका खोलीत वडिलांचा फोन मागून घेणार, आणि त्या फोनला रेंज मिळेलच असे नाही. प्रश्नपत्रिका दोघांची एकच. मग हे गुण अभ्यासाचे म्हणावेत की घराचे?

तरी सरासरीची बाजूही दिसते तितकी निर्मळ नाही. दोन वर्षे चाचपडून तिसऱ्या वर्षी जागा होणारा विद्यार्थी मी पुष्कळदा पाहिला आहे. खेड्यातून आलेल्या मुलाची इंग्रजी पुस्तकांची धास्ती जायलाच तेवढा काळ लागतो. सरासरी त्याला त्याच्या कालच्या खुंटीला बांधते. इंग्लंडात तर त्याच ऑगस्टमध्ये विद्यापीठ-प्रवेशाच्या ए-लेव्हल परीक्षा रद्द झाल्यावर श्रेणी देताना त्या त्या शाळेचे मागले निकालही हिशेबात धरले! शिक्षकांनी सुचविलेल्या श्रेणींपैकी सुमारे ४० टक्के खाली आल्या. मुले फलक घेऊन रस्त्यावर उतरली, आणि चारच दिवसांत, १७ ऑगस्टला, सरकारला माघार घ्यावी लागली.

माझे मत विचाराल तर आपल्या जूनच्या निर्णयातला उत्तरार्धच मोलाचा होता. सरासरी हा तळ आणि परीक्षा ही शिडी. चढायचे की नाही ते ज्याचे त्याने ठरवावे. ब्रिटनमधल्या अनेक विद्यापीठांनी त्या वर्षी असेच आश्वासन दिले होते, की संकटापूर्वीच्या सरासरीखाली कोणाला ढकलणार नाही. माझे एक स्नेही यावर उसळले : 'उद्या पूल बांधणारा असा बिनपरीक्षेचा निघाला तर?' शंका रास्त आहे. पण अभियांत्रिकीच्या त्या मुलाने आठांपैकी सात सत्रांच्या परीक्षा दिलेल्या होत्या. सातांवर विश्वास नसेल तर आठवीने तो कुठून येणार?

पुढे ऑक्टोबरात परीक्षा झाल्या, बव्हंशी घरबसल्या, पर्यायांवर खुणा करून. आमच्या शेजारची मुलगी गुणपत्रिका दाखवायला आली. परीक्षेच्या महिन्यात तिचे वडील इस्पितळात होते. तरी गुण आजवरच्यापेक्षा अधिक. कागद माझ्या हाती देत तिने विचारले, "सर, हे माझेच धरायचे ना?"