कर्णाएवढी गल्ली

चिंचोळ्या गल्लीत पुढे-मागे, पुढे-मागे करणाऱ्या गाडीकडे लोक जरा दयेनेच बघतात. बिचारा अडकला, असं त्यांना वाटतं. मला मात्र तिथे भूमिती डोळ्यांसमोर घडताना दिसते आणि मी थांबून बघत राहतो.

मारुती ८०० घ्या. तिची वळणत्रिज्या ४.४ मीटर. एका दमात उलटं तोंड करायचं तर जवळजवळ नऊ मीटर रस्ता हवा. दोन्हीकडे भिंती असल्या तर आणखी थोडा, कारण बंपरचा कोपरा चाकाच्याही बाहेरून फिरतो. पुण्याच्या पेठांतल्या बोळात एवढी जागा कुठून आणणार? शिवाय मागची चाकं वळत नाहीत, त्यामुळे गाडीला आडवं सरकता येत नाही.

तरीही ती वळते. स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवून पुढे गेलं, की गाडीचं तोंड घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं. आता स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवून रिव्हर्स घ्या. गाडी मागे येते, पण तोंड मात्र त्याच दिशेने आणखी फिरतं! पुढे जाऊन मिळवलेला कोन मागे येताना जराही कमी होत नाही, उलट वाढतो. रीड्स आणि शेप या गणितज्ञांनी १९९० मध्ये दाखवलं, की मोकळ्या मैदानात अशा गाडीच्या सर्वांत जवळच्या वाटेला दोनपेक्षा जास्त वेळा गिअर उलटा करावा लागत नाही. बोळात मात्र खेपा वाढतात.

किती अरुंद बोळ चालेल? मारुतीची लांबी ३.३३५ मीटर, रुंदी १.४४, म्हणजे कर्ण सुमारे ३.६३ मीटर. बोळ त्याहून किंचित जरी रुंद असला, तरी गाडी तिथे वळू शकते. खेपा कितीही लागोत, पण वळते. मला हे फार सुंदर वाटतं.

म्हणूनच मागे उभा राहून ‘येऊ द्या, येऊ द्या… बास!’ म्हणणाऱ्या माणसाचं मोल मोठं. तो वीतभर आधीच ‘बास’ म्हणाला, की प्रत्येक खेपेचा कोन आखडतो. आणि चार मीटरच्या बोळात नेमक्या वळायच्या जागी भिंतीला लागून स्कूटर उभी असेल, तर उरतात जेमतेम ३.४ मीटर, कर्णापेक्षा कमी. तिथे कितीही खेपा मारल्या तरी उपयोग नाही. आधी स्कूटर हलवावी लागेल.