कणकण

शांत बसा. डोळे मिटा किंवा उघडे ठेवा. मागचा फ्लू आठवा: पहिल्या संध्याकाळची ती कणकण, मोडून आलेलं अंग, पाठीतून गेलेली शिरशिरी. त्या आठवणीपाशी थोडं थांबा.

आता घशाच्या अस्तरातल्या एकाच पेशीकडे लक्ष न्या. विषाणू तिच्यात शिरलाय. त्याचा आरएनए परका आहे, हे आतल्या पहारेकरी रेणूंनी ओळखलंय. ही पेशी वाचेलच असं नाही. बहुतेकदा उशीर झालेला असतो. तरी ती एक प्रथिन घडवते आणि बाहेर सोडते. इंटरफेरॉन. घाई नको, एवढंच पाहत राहा.

इंटरफेरॉन विषाणूला हातही लावत नाही. ते शेजारच्या, अजून धडधाकट असलेल्या पेशीवर जाऊन बसतं आणि तिच्यातली शेकडो जनुकं जागी होतात. गावात चोर शिरल्याची हाळी ऐकून घरोघरी कड्या लागाव्यात, तसं. प्रथिनांची घडण बंद पाडणारं एक विकर तिथे तयार राहतं, आरएनए कापणाऱ्या यंत्रणेचीही जुळवाजुळव होते. विषाणू आत आला की दोन्ही सुरू होतात. कापाकापीत पेशीचा स्वतःचा आरएनएही जातो. या किमतीवर जरा रेंगाळा.

1957 साली लंडनच्या मिल हिलमध्ये अ‍ॅलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमन यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पटलाचे तुकडे उष्णतेने मारलेल्या फ्लूच्या विषाणूसोबत ठेवले. नंतर तो द्रव ताज्या पटलावर घातला, तर तिथे जिवंत विषाणूही नीट वाढेना. द्रवात काहीतरी उतरलं होतं.

आता पुन्हा अंगदुखीकडे या. पुढे हिपॅटायटिस सीवर इंटरफेरॉनची इंजेक्शनं देऊ लागले, तेव्हा रुग्णांना ताप यायचा, थंडी वाजायची, अंग ठणकायचं. फ्लूचा विषाणू नसताना हुबेहूब फ्लू! म्हणजे ज्याला आपण आजार म्हणतो, त्यात शरीराच्या या निरोपाचा वाटा बराच मोठा.

आणि निरोप वाटेतच अडला तर? 2020 साली जीवघेणा कोविड न्यूमोनिया झालेल्या 987 रुग्णांपैकी 101 जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडं सापडली. काहींच्या रक्तात ती कोविडच्या आधीपासूनच होती.