जन्मभूमीवरील हक्क

आमगाव हे मुंबई-हावडा लोहमार्गावरील, धानाच्या बांध्यांनी वेढलेले गाव. त्याच्या जवळचे पदमपूर हेच भवभूतीचे पद्मपूर, असा निर्णय महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी दिला, आणि आमगावच्या महाविद्यालयानेही त्याच कवीचे नाव धारण केले आहे. आठव्या शतकातील हा विदर्भपुत्र कीर्ती पावला तो उत्तरेत; कनौजच्या यशोवर्म्याच्या आश्रितांत कल्हण त्याची गणना करतो. परंतु कालप्रियनाथाच्या यात्रेत उभ्या राहिलेल्या सूत्रधाराच्या मुखाने तो आधी सांगतो ते पद्मपुराविषयी: नगर कोठले, शाखा तैत्तिरीय, गोत्र काश्यप, आजा भट्टगोपाल, पिता नीलकंठ, माता जातुकर्णी. यात्रेकरूंस नाटक हवे होते, कुळाचा वृत्तांत नव्हे! तरी तो सांगितल्यावाचून कवीस राहवले नाही.

भवभूतीने पद्मपुराचे केवळ नाव घेतले. मागितले काहीच नाही. आजचा परदेशस्थ मनुष्य मात्र मागतो, आणि तेथेच प्रश्न बिकट होतो. देश सोडून गेलेल्याचा जन्मभूमीवर हक्क उरतो काय, व उरल्यास तो कशाचा?

आपल्या संविधानातील नागरिकत्वाची कलमे २६ नोव्हेंबर १९४९ रोजीच अमलात आली. आठव्या कलमाने परदेशी राहणाऱ्यास, तो स्वतः अथवा त्याचे आईबाप किंवा आजाआजी अखंड हिंदुस्थानात जन्मलेली असल्यास, आपल्या वकिलातीत नाव नोंदवून नागरिक होण्याची मुभा दिली. तर नवव्याने बजावले की, स्वेच्छेने परराष्ट्राचे नागरिकत्व घेणाऱ्यास येथील नागरिकत्व नाही. १९५५ च्या कायद्यानेही तोच नियम पुढे चालविला. पुढे २००५ पासून परदेशस्थ भारतीयांसाठी जी नोंदणी आली, तिने येण्याजाण्याची मोकळीक दिली. मत दिले नाही, आणि शेतजमीन विकत घेण्याची परवानगीही दिली नाही. बापाची बांधी वारशाने मिळेल, पण तिच्या शेजारची घेता येणार नाही. या भेदावर पुष्कळजण रागावतात. आम्हांस मात्र यात काही शहाणपण दिसते.

कोणी म्हणेल, परदेशातून पैसा धाडणारा मुलगा गावाच्या अधिक उपयोगी पडतो. येथे चावडीवर बसून विडी ओढणाऱ्यास मत का, आणि त्यास का नाही? आक्षेप पोकळ नाही. परंतु मत हे उपकाराचे बक्षीस नव्हे. वाईट कारभाराचे फळ विडी ओढणाऱ्यास भोगावेच लागते. कालवा फुटला तर त्याचाच धान वाहून जातो. दूर असलेल्यास वाईट वाटेल, फार वाटेल, पण त्याची चूल विझणार नाही. अर्थात या न्यायाने येथे जन्मभर राबलेल्या परकीयासही काही द्यावे लागेल, आणि ते आम्ही नाकारीत नाही.

गोमंतकात हाच प्रश्न उलटा झाला. तेथे मनुष्य आपल्याच घरात राहिला. राज्यच १९ डिसेंबर १९६१ रोजी बदलले. त्याआधी जन्मलेल्यास पोर्तुगालाचे नागरिकत्व सांगता येते, आणि पुष्कळांनी ते पोटासाठी सांगितले. त्यांस स्वदेशद्रोही म्हणणारे भरल्या ताटावरून बोलतात. तथापि एक हाती धरले की दुसरे सुटते, हे त्यांसही ठाऊक आहे.

वर्धेकडचे डॉ. पांडुरंग खानखोजे यांचे उदाहरण आम्हांस वारंवार आठवते. गदर चळवळीतील हा क्रांतिकारक मेक्सिकोत कृषिशास्त्राचा अध्यापक झाला, तेथे मक्यावर संशोधन केले, संसारही मांडला. इंग्रजी अमलात त्यास मायदेशाचे दार बंद होते. स्वातंत्र्यानंतर तो परत आला, नागपुरास राहिला आणि १९६७ साली तेथेच वारला. अशा मनुष्यास दारात उभे करून कागद विचारणे कायद्याने योग्य ठरेल. आम्हांस ते लाजिरवाणे वाटते. म्हणून मत आणि परतण्याचा अधिकार या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात असे आम्ही म्हणतो. पहिला दूर गेलेल्याने गमवावा. दुसरा त्याने परक्या राज्याची शपथ घेतली तरी गमावू नये, कारण जन्म कोणत्याही शपथेने फिरत नाही. सरकारने आज दिलेली मोकळीक सरकार उद्या काढूनही घेऊ शकते. पदमपुरच्या वाटेने कोणी म्हातारा बापाची बांधी शोधीत आला, तर त्याने ती मेहेरबानी म्हणून पाहावी काय?